काचेच्या पेटीतला समुद्र

मी आठव्या वर्गात असतानाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. गावची बोडी भरून सांडवा वाहत होता आणि सांडव्याच्या धारेत बारीक मासोळ्या उलट्या दिशेने चढत होत्या. मी मच्छरदाणीच्या तुकड्याने त्यातल्या अकरा मासोळ्या धरल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आणून ठेवल्या. खायला म्हणून भाताची शिते टाकली. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले, तेव्हा ते सगळे फेकून नळाचे स्वच्छ पाणी भरले. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराही मासोळ्या पांढरी पोटे वर करून तरंगत होत्या. आई काही बोलली नाही. तिने बरणी राखेने घासली आणि उन्हात पालथी घातली. मला मात्र पुढे कितीतरी दिवस एकच कोडे पडले होते, की गढूळ बोडीत मजेत जगणारी मासोळी स्वच्छ पाण्यात मेली कशी?

या कोड्याचे उत्तर मला गेल्या वर्षी नागपूरला मिळाले. मावशीकडे गेले असता एका शोभेच्या माशांच्या दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी पाहायला मिळाली. निळ्या उजेडात शेंदरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे डुलत होते. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. आपल्या सिंदेवाहीहून कोणत्याही दिशेने निघाले तरी तो शेकडो कोस दूर आहे. त्यामुळे मी त्या काचेला नाक लावून उभी राहिले, आणि दुकानदार भला माणूस होता म्हणून त्याने मला हाकलले नाही. टाकी भरून तयार झाल्यावरही पहिला मासा सोडायला महिना-दीड महिना थांबावे लागते, असे त्याने सांगितले. एवढे दिवस कशाची वाट पाहायची, हे विचारताना मला माझी बरणी आठवली. त्याने जे समजावले ते पुढे सांगणारच आहे. पण घरी परतताना रेल्वेत माझ्या मनात दुसराच प्रश्न आला. समुद्र असा काचेच्या पेटीत उचलून आणण्याची कल्पना पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली असेल? एखाद्या मोठ्या प्रोफेसराच्या, असे मला वाटले होते. शोध घेतला तेव्हा नाव निघाले ते एका शिवणकाम करणाऱ्या मुलीचे.

तिचे नाव झान व्हिलप्रो. लग्नानंतर ती झान व्हिलप्रो-पॉवर झाली. परदेशात सागरी जीवांचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव चांगले ठाऊक आहे. आपल्याकडे ते फारसे कुणी घेत नाही, म्हणून हा लेख. तिला मी एकेरीत संबोधणार आहे, प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी. तिच्याविषयी वाचताना ती मला थोरामोठ्यांपेक्षा बरोबरीच्या मैत्रिणीसारखीच वाटत गेली.

झानचा जन्म सप्टेंबर 1794 मध्ये फ्रान्समधील कोरेझ प्रांतातल्या जुइयाक नावाच्या खेड्यात झाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचे वादळ चालू असतानाचा तो काळ. वडील जोडे शिवायचे, आई कपडे शिवायची. जुइयाकही समुद्रापासून दूर, आपल्यासारखेच आतल्या भागातले. झान लिहायला-वाचायला शिकली; शिक्षण म्हणावे ते तेवढेच. पुढे तिने जे काही मिळवले त्याच्या मागे ना शाळा होती ना महाविद्यालय. त्या काळी तिकडेही विद्यापीठाचे दरवाजे मुलींना बंदच होते.

अठराव्या वर्षी, 1812 साली, ती शिवणकामाची नोकरी करायला पॅरिसला निघाली. अंतर चारशे किलोमीटरहून अधिक, आणि ते पायी. सिंदेवाहीहून नागपूर जितके दूर आहे त्याच्या जवळजवळ तिप्पट चाल! मुलीची जात एकटी कशी जाणार म्हणून सोबतीला एक चुलत नातेवाईक होता. त्या राखणदारानेच वाटेत तिच्यावर हात टाकला आणि तिची ओळखीची कागदपत्रे घेऊन तो पसार झाला. ऑर्लेआँ शहरात झानने पोलीस ठाण्याचा आसरा घेतला आणि गावाहून नवी कागदपत्रे येईपर्यंत ती तिथेच अडकून पडली. पॅरिसला पोचली तेव्हा ठरलेली जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. अशा वेळी बहुतेक मुली माघारी फिरल्या असत्या, किंवा त्यांना माघारी बोलावले गेले असते. झान थांबली. उमरावांच्या घरचे कपडे शिवणाऱ्या दुसऱ्या एका दुकानात तिला मदतनिसाचे काम मिळाले.

चार वर्षांत तिचा हात इतका बसला की 1816 मध्ये राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख तिच्याकडे आला. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याचा पुतण्या बेरीचा ड्यूक आणि दोन सिसिलींच्या राज्याची राजकन्या कॅरोलिन यांचे ते लग्न. त्या पोशाखाने झानचे नाव झाले. तिची गोष्ट इथेच संपली असती तरी एका चांभाराच्या मुलीसाठी ती मोठीच म्हणावी लागली असती. पण त्याच सुमारास तिची जेम्स पॉवर या इंग्रज व्यापाऱ्याशी ओळख झाली. 1818 मध्ये दोघांचे लग्न झाले आणि ती नवऱ्याबरोबर सिसिली बेटावरच्या मेसिना या बंदरात राहायला गेली. राजकन्या सिसिलीच्या राज्यातून फ्रान्सला आली आणि तिचा पोशाख शिवणारी फ्रान्समधून सिसिलीला गेली, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नवरा सधन होता. झानला आता पोटासाठी सुई धरावी लागत नव्हती. तो आधार नसता तर पुढचे काहीच घडले नसते. पण सधन घरच्या हजारो बायका मेसिनात होत्याच की! झानने हाताशी आलेला वेळ अभ्यासाला दिला. निसर्गविज्ञानाची पुस्तके मिळवून ती स्वतःच शिकली. बेटभर पायी हिंडून तिने वनस्पती, फुलपाखरे, शंखशिंपले, खनिजे आणि जीवाश्म गोळा केले व त्यांच्या नोंदी ठेवल्या. मार्टिन नावाचे मांजरासारखे जंगली प्राणी घरात पाळून त्यांच्या सवयी टिपल्या. वीस वर्षांहून अधिक काळ हे चालले. त्या भटकंतीतून 1842 मध्ये सिसिलीची माहिती देणारे तिचे एक पुस्तकही निघाले. मात्र तिचे खरे काम पाण्यातले.

मेसिना हे अरुंद सामुद्रधुनीवरचे बंदर आहे. तिथल्या जोरदार प्रवाहांमुळे खोल पाण्यातले जीवही वर येतात. त्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा प्राणी सापडतो. हा आठ हातांचा, अष्टपाद जातीचाच; पण त्याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्याशुभ्र, चुण्या पडलेल्या सुंदर कवचात राहते. तिच्या आठांपैकी दोन हातांना पंख्यासारखे रुंद पडदे असतात. ते पडदे शिडासारखे उभारून आणि कवचाची होडी करून हा प्राणी समुद्रावर वल्हवत जातो, असे ॲरिस्टॉटलपासून दोन हजार वर्षे लोक मानत आले होते.

पंडितांचा वाद वेगळाच होता. हे कवच नक्की कुणाचे? प्राण्याचे शरीर कवचाला कुठेही चिकटलेले नसते. तो वाटेल तेव्हा कवच सोडून बाहेर येऊ शकतो. त्यावरून ब्लँव्हिलसारखे फ्रान्सचे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ म्हणत होते की हे घर त्याचे नव्हेच. रिकाम्या शंखात जसा खेकडा शिरतो, तसा हा दुसऱ्याच कुणाच्या घरात घुसलेला आहे. थोडक्यात, अर्गोनॉट हा घरमालक की भाडेकरू, असा तो खटला होता. दोन्ही बाजूंचे वकील संग्रहालयात बसून वाद घालत होते, आणि त्यांच्यापुढे पुराव्यादाखल होते ते मद्यार्काच्या बाटलीत बुडवलेले मेलेले प्राणी.

मेलेला प्राणी घर कसे बांधतो ते दाखवणार कसे? झानला हे उमगले, आणि माझ्या मते तिचे मोठेपण या एका उमगण्यात आहे. त्यासाठी अर्गोनॉट जिवंत हवा होता, तो डोळ्यांसमोर हवा होता, आणि एक-दोन तास नाही तर आठवडेच्या आठवडे. म्हणून 1832 मध्ये तिने काचेची टाकी बनवली. काचेच्या भांड्यात मासे ठेवणारे तिच्या आधीही होऊन गेले असतील. पण समुद्रातल्या जिवांचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या टाकीचा मान तिच्याकडे जातो. तिने तीन प्रकार केले. पहिली काचेची टाकी घरात, अभ्यासाच्या खोलीत ठेवण्याची. दुसरी काचेचीच, पण बाहेरून पिंजरा असलेली. ती उथळ समुद्रात उतरवून ठेवायची आणि पाहायचे असेल तेव्हा वर ओढायची. तिसरा प्रकार म्हणजे मोठ्या जिवांसाठी नांगर टाकून हव्या त्या खोलीवर रोवलेला पिंजरा. हे पिंजरे पुढे तिच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

आता माझ्या बरणीकडे वळते, कारण झानने समुद्रात पिंजरे का सोडले याचे उत्तर त्या बरणीतच आहे. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून आणि कुजणाऱ्या शितांतून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. बोडीत किंवा समुद्रात दगडांवर, वाळूवर, चिखलावर असंख्य सूक्ष्म जीवाणू वस्ती करून असतात. त्यातले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ कमी घातक. नव्या टाकीत ही जीवाणूंची वस्ती बसायलाच महिना-दीड महिना जातो. नागपूरचा दुकानदार वाट पाहायला सांगत होता ती याची. मी नेमके उलट केले होते. बोटभर बरणीत अकरा मासोळ्या, वर भाताची शिते, आणि जी काही वस्ती बसली असती ती पाण्याबरोबर फेकून दिली. शिवाय नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतेच. ते माशांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. दिसायला स्वच्छ असलेले ते पाणी मासोळ्यांच्या जिवाला मुळीच स्वच्छ नव्हते.

झानच्या काळी अमोनियाचे हे चक्र कुणालाच माहीत नव्हते. पण पाणी बदलले नाही तर जीव मरतो, एवढे अनुभवाने तिला कळत असणारच. समुद्र घरात आणला तर त्याची सारी चाकरी माणसालाच करावी लागते. म्हणून तिने पेटीच समुद्रात नेऊन ठेवली. भरती-ओहोटी आणि प्रवाह पाणी बदलत राहिले, आणि तिला पाहायला वेळ मिळाला.

मग तिने काय केले? तिने कवचाचे तुकडे मुद्दाम तोडले. भोक पडलेल्या कवचातला अर्गोनॉट पुढे काय करतो ते पाहत बसली. त्या प्राण्याने आपले ते दोन रुंद पडदे भोकावर पसरले, आणि त्या पडद्यांतून पाझरलेल्या द्रव्याने भोक बुजत गेले. जे शिडे म्हणून दोन हजार वर्षे प्रसिद्ध होते, ते निघाले कारागिराचे हात! तिने अंड्यांवरही नजर ठेवली. अंड्यातून निघालेल्या पिलाला कवच नसते आणि ते पुढे वाढताना तयार होते, हेही तिने पाहिले. खटल्याचा निकाल लागला. अर्गोनॉट भाडेकरू नव्हता. घर त्याचेच होते, आणि तेही स्वतः बांधलेले.

माझी आई ब्लाऊज शिवते. हा प्रयोग मी तिला सांगितला तेव्हा ती लगेच समजली. मला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. कापड फाडून बघायचे आणि रफू कोण करतो, कुठल्या धाग्याने करतो ते पाहायचे. मूळ धाग्याने आणि त्याच विणीने रफू झाले तर कापड त्याच घरचे. मला वाटते, हा प्रयोग एखाद्या शिंपिणीलाच सुचायचा. पंडित लोक कवचाच्या आकारावर वाद घालत होते, झानने त्याची शिवण पाहिली. अर्थात हा माझा तर्क आहे. तिने स्वतः तसे लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणखी एक लिहायला हवे, नाहीतर मनाला रुखरुख लागेल. तोडलेल्या कवचाच्या त्या प्राण्यांना यातना झाल्या असतील. अर्गोनॉटचे कवच हे मादीचे अंडी सांभाळायचे घर असते, म्हणजे झान एका आईचे घर फोडत होती. माझ्या अकरा मासोळ्या अज्ञानाने गेल्या, तिचे प्राणी ज्ञानासाठी. माशाच्या बाजूने पाहिले तर यात काय फरक आहे, यावर मी पुष्कळ विचार केला. एवढेच म्हणता येईल की तिने त्यांना जगवण्यासाठी जेवढी खटपट केली तेवढी त्या काळच्या संग्रहालयवाल्यांनी केली नव्हती; ते प्राणी थेट बाटलीत घालत.

याच पिंजऱ्यांतून तिला आणखी एक उपयोग सुचला. नद्यांतली मासळी कमी होत चालली होती. पिलांना पिंजऱ्यात खाऊ घालून, थोडे मोठे करून मग नदीत सोडावे, म्हणजे नदी पुन्हा भरेल, असे तिने मांडले. आपल्या भागातल्या मालगुजारी तलावांत ढिवर बांधव रोहू-कतल्याचे बोटुकले सोडतात. ते बोटाएवढे वाढवूनच सोडायचे, कारण अगदी बारीक पिले मरळ गिळून टाकते, हे इथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. मेसिनाच्या किनाऱ्यावर बसून एका बाईने 1830 च्या दशकात हाच विचार केला होता, हे वाचून मला आपला तलाव एकदम जगाच्या नकाशावर गेल्यासारखा वाटला.

कातानिया शहरातली अकादेमिया जोएनिया ही सिसिलीतली मोठी विद्वत्सभा. तिने झानला सभासद करून घेतले. त्या सभेची ती पहिली स्त्री सभासद. तिथले प्राध्यापक कार्मेलो माराविन्या यांनी 1834 मध्येच लिहून ठेवले की या टाकीच्या शोधाचे आणि सागरी जीवांच्या अभ्यासात तिचा पद्धतशीर वापर करण्याचे श्रेय झानचे आहे. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन या प्रख्यात शास्त्रज्ञाने 1839 मध्ये तिचे निष्कर्ष आणि नमुने प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवले. त्या संस्थेनेही तिला आपल्यात घेतले. पुढे इतर डझनभर विद्वत्सभांनी तिला सभासदत्व दिले. ज्या मुलीला चार यत्तांचे शिक्षण नव्हते तिच्या हाती ही एवढी मानपत्रे आली. पण नुसत्या मानपत्रांनी नाव टिकत नसावे.

त्याचे कारण पुढे घडलेल्या गोष्टीत आहे. पॉवर दांपत्य 1843 मध्ये सिसिली सोडून निघाले. तिचे संग्रह, नोंदी आणि चित्रे जहाजाने पाठवलेली होती. ते जहाज बुडाले. पंचवीस वर्षांच्या कष्टाचा मोठा भाग समुद्राच्या पोटात गेला. यानंतर झानने नवे संशोधन केले नाही. पॅरिस आणि लंडन अशा दोन ठिकाणी ती राहिली, व्याख्याने दिली, जुन्या निरीक्षणांवर लिहीत राहिली. 1857 मध्ये तिने लिहिलेले एक निरीक्षण फार मौजेचे आहे. मोठा शिंपला तोंड उघडून बसलेला असताना अष्टपाद दगड आणून त्याच्या फटीत अडकवतो, म्हणजे शिंपल्याला मिटता येत नाही, आणि मग आरामात त्याला खातो. अष्टपाद हत्यार वापरतो ही गोष्ट लोकांना आजही नवलाची वाटते.

दरम्यान इंग्लंडात टाकीची लाट आली. 1846 मध्ये ॲना थिन या बाईने समुद्रकाठचे जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि वर्षानुवर्षे जगवले. त्यासाठी तिच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून समुद्राचे पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे, म्हणजे पाण्यात हवा मिसळे. तीस-चाळीस मिनिटे, आणि तेही रोज. त्या मोलकरणीचे नाव इतिहासात सापडत नाही. जगातली पहिली प्रवाळाची टाकी तिच्या मनगटांवर चालली होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यानंतर 1850 च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पाणवनस्पती आणि मासे एकमेकांना जगवतात हे दाखवले. फिलिप हेन्री गॉस याच्या साहाय्याने 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि 1854 मध्ये त्याच्या पुस्तकाने ॲक्वेरियम हा शब्द घराघरांत नेला. शोधाचे श्रेय साहजिकच या मंडळींकडे जाऊ लागले. झान हयात होती. तिने गप्प न बसता स्वतःच्या कामाच्या तारखा पुन्हा छापून मांडल्या. 1858 मध्ये ओवेनने तिला या विद्येची जननी ठरवले, तेव्हा कुठे थोडा न्याय झाला.

आज प्रवाळाची टाकी ठेवणाऱ्याला त्या मोलकरणीचे काम करायला पंप मिळतो, फेसाबरोबर घाण ओढून काढणारा स्किमर मिळतो, सूर्यासारखे दिवे मिळतात. पण समुद्राच्या अटी त्याच आहेत. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार आणि पंचवीस अंशांच्या आसपास उष्णता असावी लागते, आणि दोन्ही फार हलता कामा नयेत. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोज तूट भरून काढायची ती गोड पाण्याने, खाऱ्या नव्हे. इथे नवखे हमखास चुकतात. उन्हाळ्यात आटणारा तलाव पाहिलेल्या आपल्या माणसाला हे लवकर कळेल असे वाटते. प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते आणि उजेडात अन्न करून त्याला देते, म्हणून उजेड हवा. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियममधून बांधतो, म्हणून तो साठा पाण्यात सतत पुरता हवा. अर्गोनॉटचे कवचही त्याच चुन्याचे. मासे सोडायचे ते एकेक करून, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन, म्हणजे वाढलेली घाण पचवायला जीवाणूंना सवड मिळते. सगळे एकदम आणून ओतणारा माझ्यासारखाच तिसऱ्या दिवशी रडतो.

आपल्या देशात मात्र खऱ्या प्रवाळाला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे आले; म्हणजे आपल्या ताडोबाच्या वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्याला जिवंत प्रवाळ आहेत आणि 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले, तेव्हापासून समुद्र न पाहिलेल्या किती पिढ्यांनी तिथल्या काचेला नाक लावले असेल! त्या काचेमागे मेसिनाची ती पेटी होती, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

1870 च्या हिवाळ्यात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा दिला असताना झानने शहर सोडले. ती गेली ती जुइयाकला, ज्या खेड्यातून अठ्ठावन्न वर्षांपूर्वी ती पायी निघाली होती. तिथेच जानेवारी 1871 मध्ये वयाच्या शहात्तराव्या वर्षी ती वारली. पुढे सव्वाशे वर्षांनी, 1997 मध्ये, शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचे नाव देण्यात आले.

आईला मी हे सगळे सांगितले. शुक्राचे तिला फारसे काही वाटले नाही. ते कवच केवढे असते, हे तिने विचारले. मोठ्यातले मोठे फूटभर, मी हातांनी दाखवले. आणि भोक बुजवल्यावर जोड दिसतो का, हा तिचा दुसरा प्रश्न होता. दिसतो, डागडुजी केलेला भाग मूळच्यापेक्षा थोडा ओबडधोबड राहतो.